मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि प्रोबायोटिक

मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आदी उपचारांना जोड म्हणून ठरावीक जिवंत सूक्ष्मजीव पोटातून देण्याची पद्धत. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, ही व्याख्या २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली. प्रोबायोटिकने हा कर्करोग बरा होतो, असे मात्र आजवर सिद्ध झालेले नाही.

शरीरातले बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यातच राहतात, त्यामुळे इथल्या गाठीचा त्यांच्याशी रोजचा संबंध येतो. तोंडात आढळणारा फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जीवाणू अशा गाठींमध्ये भरपूर सापडतो, हे २०१२ साली दोन संशोधक गटांनी दाखवले. याच्या उलट, तंतुमय अन्न आंबवणारे काही जीवाणू ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशी ते इंधन म्हणून वापरतात. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ मात्र त्याने मंदावते.

माणसांवरचा ठोस पुरावा आहे तो उपचारांचा त्रास कमी करण्याबाबत. फिनलंडमध्ये ५-फ्लुरोयुरासिल हे केमोथेरपीचे औषध घेणाऱ्या १५० रुग्णांच्या चाचणीत (२००७) लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस जीजी हे प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी २२ टक्के रुग्णांना तीव्र जुलाब झाले. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होते. जुलाबांमुळे औषधाची मात्रा घटवावी लागते, म्हणून हा फरक रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा आहे. शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग कमी झाल्याचेही अनेक चाचण्यांत दिसले आहे.

सर्वांत वेधक काम चालले आहे ते एश्चेरिशिया कोलाय निसल १९१७ या जीवाणूच्या वाणावर (एकाच जातीतल्या विशिष्ट प्रकारावर). पहिल्या महायुद्धात सोबतचे सैनिक जुलाबांनी आजारी पडत असताना एक सैनिक ठणठणीत राहिला. त्याच्याच विष्ठेतून आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी हा जीवाणू वेगळा केला. शंभर वर्षांनी, २०१८ साली, सिंगापूरच्या संशोधकांनी त्याच्या जनुकांत दोन बदल केले. एका बदलामुळे तो कर्करोगाच्या पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतो. दुसऱ्यामुळे मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) स्रवतो. कोबी, ब्रोकोली यांतल्या ग्लुकोसिनोलेट या घटकापासून हे विकर सल्फोराफेन हे रसायन बनवते आणि ते त्या पेशींना मारते. म्हणजे रोजची भाजी गाठीपाशी पोचल्यावर औषध होते! उंदरांमधल्या गाठी यामुळे आक्रसल्या. कल्पना फार सुंदर आहे, पण उंदराकडून माणसापर्यंतची वाट लांबची असते.

परिणाम वाणागणिक बदलतो. एका वाणाचा गुण दुसऱ्याला चिकटवून विकणे ही रुग्णाची फसवणूकच होय. शिवाय प्रोबायोटिक सर्वांनाच निर्धोक नसते. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटल्या की तेच जीवाणू रक्तात शिरून गंभीर संसर्ग करू शकतात. त्यामुळे उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट तर मोठ्या शिरेत नळी बसवलेल्या रुग्णाला देत नाहीतच, पण त्याच्या खोलीत दुसऱ्या कोणासाठी त्याची कॅप्सूलही उघडत नाहीत, कारण हातावरून किंवा हवेतून ते नळीपर्यंत पोचू शकते.