मधमाश्यांच्या जीवनातील ईश्वरी योजना

मधमाश्यांची घरबांधणी, कामांची वाटणी आणि मधाचा साठा यांत ईश्वराची योजना व कृपा पाहण्याची दृष्टी. ती अनेक धर्मांत आढळते. बृहदारण्यकोपनिषदातील मधुविद्या पृथ्वीला सर्व भूतांचा मध म्हणते. डोंगरांत व झाडांवर घरे करण्याची प्रेरणा माशीला ईश्वराने दिली, असे कुराणाच्या १६ व्या सूरेत सांगितले आहे. विदर्भातील खेड्यांत हा विचार मुख्यतः भागवत सप्ताह व कीर्तनांतून रुजला असावा.

भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे, तसाच मध काढून नेणाराही आहे. फुलाला इजा न करता थोडे थोडे घ्यावे, हा माशीचा पहिला धडा. साठवणारी माशी साठ्यासकट नाश पावते, हा दुसरा. एकनाथांनी या स्कंधावरील मराठी टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. या परंपरेत गौरव आहे तो माशीच्या घेण्याच्या रीतीचा. साठ्याबद्दल इशाराच आहे.

पाश्चात्त्य विचारात भर राहिला तो पोळ्यातील कोठडीच्या भूमितीवर. तेवढ्याच मेणात षट्कोनात त्रिकोण वा चौकोनापेक्षा अधिक मध मावतो, हे माशीला उपजत कळते, असे अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाने (सु. ४ थे शतक) मांडले. कोठडीचा तळ तीन समभुज चौकोनांचा असतो. त्यांचे कोन खगोलशास्त्रज्ञ मराल्डीने १७१२ मध्ये १०९°२८′ व ७०°३२′ असे दिले. हे आकडे गणिताने काढलेले असावेत, कारण मऊ मेणात इतके सूक्ष्म मापन संभवत नाही. कीटकांचा अभ्यासक रेओम्यूरच्या सांगण्यावरून गणितज्ञ कोनिगने १७३९ मध्ये सर्वांत कमी मेण लागणारा कोन काढला, तो १०९°२६′ आला. दोन कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ही चूक पुढे कोनिगच्याच हिशेबात सापडली आणि माशीची भूमिती ईश्वरदत्त असल्याचा तो पुरावा मानला गेला. डार्विनने १८५९ मध्ये त्याच रचनेचा उलगडा नैसर्गिक निवडीने केला. १९६४ मध्ये गणितज्ञ फेयेश तोथने किंचित कमी मेण लागणारा दुसरा तळ दाखवला. सपाट पृष्ठाच्या समान विभागणीत षट्कोनच सर्वांत काटकसरीचा, हे गणितज्ञ हेल्सने १९९९ मध्ये सिद्ध केले. कोठडी आधी गोल असते व उबेने षट्कोनी होते, की माश्याच तिला घडवतात, याबद्दल अजून मतभेद आहेत. श्रद्धेचा आधार कोनाच्या कलांवर ठेवण्यापेक्षा भागवतातील दृष्टी अधिक भक्कम वाटते. माणसाला डंख मारणारी कामकरी माशी मरते आणि मिलनानंतर नरही मरतो, हे मात्र दयेच्या कल्पनेत सहज बसत नाही.

विदर्भात आग्या, सातेरी व फुलोरी या जाती आढळतात. आग्याचे एकच उघडे पोळे कड्याला, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला लटकते. त्याच्या वरच्या टोकाला मधाचा जाड कांदा (मध साठवलेला फुगीर भाग), बाकी भागात पिलावा (अंडी व अळ्या) आणि दोहोंच्या मध्ये परागाची पट्टी असते. पिलांना धक्का न लावता मध घेता येईल, अशी सोय या मांडणीतच आहे आणि कृपेचे रूप इथे सर्वांत स्पष्ट दिसते. रात्री चूड पेटवून अख्खे पोळे उतरवले की माश्या जळतात. पोळे पिळताना अळ्यांचा रस व पराग मधात उतरतात आणि मध आंबतो.

वर्ध्यात १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाला ग्रामोद्योगात स्थान दिले. पुढे तेथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्याच्या मधाची अहिंसक काढणी शिकवली. जाळीचा पोशाख चढवून थंड धुराने माश्या बाजूला सारतात व फक्त कांदा कापतात. कांद्याच्या सुमारे तीन चतुर्थांश कोठड्यांवर मेणाचे झाकण आलेले असावे. कच्च्या मधात पाणी जास्त राहते व तो फसफसतो. परागाची पट्टी राखतात. झाकणे सुरीने काढून मध गाळणीवर निथळू देतात, पिळत नाहीत. पळस, सावर, मोह, करंज किंवा संत्र्याचा आंबिया बहार चालू असेल, तर माश्या कांदा पुन्हा भरतात.

काढणीतली ही मर्यादा फवारणीत मात्र क्वचितच पाळली जाते. पऱ्हाटीची (कपाशीची) फुले सकाळी उमलतात. तेव्हा कीटकनाशक मारल्यास चरणाऱ्या माश्या शेतातच मरतात. सूर्यास्ताच्या सुमारास फवारल्यास हानी बरीच कमी होते.