लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल: नेम आणि काडतूस भरणं

चापाभोवती जी लोखंडी कडी असते ती खाली ओढून परत वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर उडते, घोडा चढतो आणि नवीन काडतूस नळीत जातं, अशा रायफलला लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणतात. हेन्री रायफल १८६० ची, पण शिकारीत नाव झालं ते जॉन ब्राउनिंगच्या विंचेस्टर १८९४ चं आणि तिच्या .३०-३० काडतुसाचं, मार्लिन ३३६ आली १९४८ मध्ये. नागपूरकडे ही रायफल बहुतेकांनी काउबॉय पिक्चरमध्येच पाहिली असणार, आपल्याकडे लायसनवर दिसते ती जास्त करून बाराबोर नाहीतर .३१५ बोल्टवाली, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे करून भरायची.

नेमाबद्दल आधी अपेक्षा ठरवून घ्यावी. १०० यार्डावर २-३ इंचात गोळ्या पडल्या तर ही रायफल चांगली चालते असं समजायचं. हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण ८ इंचाची, म्हणजे तेवढ्यात काम होतं, उगाच बोल्ट रायफलशी बरोबरी करून जीव जाळायचा नाही. कारण दोष बनावटीतच आहे: नळीखाली दुसरी नळी, म्हणजे मॅगझिन, तिच्यात काडतुसं, आणि दोन्ही पट्ट्यांनी बांधलेल्या, त्यामुळे बार काढत गेलं की नळी तापते, ताणली जाते आणि गोळी नेमापासून बाजूला पडायला लागते. म्हणून लागोपाठ १० बार काढून कागद बघण्यात अर्थ नाही, थंड नळीचे पहिले दोन-तीन बार कुठे पडतात तेच खरं, कारण जंगलात तेवढेच मिळतात. टेकवताना पण नळी टेकवायची नाही, पुढच्या लाकडाखाली पोतं ठेवायचं.

काडतूस भरणं, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत नवीन टोपी (बुडाशी बसते, ठोका बसला की पेटते आणि दारू पेटवते), दारू आणि गोळी बसवणं. इथे लिव्हरवाल्याचे हाल वेगळे. काडतुसं एकामागे एक झोपलेली, मागच्याची गोळी पुढच्याच्या टोपीला टेकलेली, टोकदार गोळी असली आणि दणका बसला तर मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो, म्हणून गोळी चपट्या नाहीतर गोल नाकाची घेतात. चपटं नाक हवेत लवकर थकतं, हा तोटा. नंतर हॉर्नाडी या अमेरिकन काडतूस कंपनीने मऊ लवचिक टोकाची गोळी काढली, तिने हा त्रास बराच कमी केला. सॅव्हेज ९९ या लिव्हरवालीत फिरकी मॅगझिन आणि विंचेस्टर १८९५ या मॉडेलात पेटी, तिथे ही भानगडच नाही.

माझ्या मते सगळा खेळ क्रिंपचा, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत दाबून बसवण्याचा. ते सैल राहिलं तर स्प्रिंगच्या दाबाने आणि धक्क्याने गोळी आत सरकते, मग दाब वाढतो. आणि क्रिंप सगळ्यांवर सारखा बसायला पुंगळ्या एकाच लांबीच्या लागतात, .३०-३० ची जास्तीत जास्त ५१.८ मिमी, ती दर वेळी ताणून वाढते म्हणून कापावी लागते.

ताण पडतो कारण जुन्या मॉडेलांत बोल्टला, म्हणजे पुंगळीला मागून धरणाऱ्या लोखंडाला, कुलूप मागच्या बाजूला, त्यामुळे बाराच्या वेळी ते जरा मागे दबतं आणि पुंगळी ताणली जाते. पुंगळीच्या बुडाच्या जरा वर बाहेरून चकचकीत कडं दिसलं की ती तिथे तुटायला आली असा संशय घ्यायचा. टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून हळूच ओढायची, बोटाला खाच लागली की ती पुंगळी भंगारात. दारू मापाच्या पुस्तकाप्रमाणेच, वेगाच्या मागे लागून जास्त घालण्यात शहाणपण नाही, .३०-३० मधून १७० ग्रेनची गोळी, म्हणजे ११ ग्रॅम, साधारण २२०० फूट प्रति सेकंदाने जाते आणि तेवढं पुरे असतं.

आता हे वाचून कोणी घरी बसून भरायला घेऊ नका बाप्पा. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद. शेतात रोही-रानडुकराने कितीही नासधूस केली तरी वनखात्याची परवानगी असल्याशिवाय बार काढता येत नाही.

उन्हाचं मात्र फॅक्टरीच्या काडतुसालाही लागू. दारू तापली की दाब आणि वेग दोन्ही वाढतात, नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि बंद गाडीत त्याहून जास्त, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत लावलेली माशी (नळीवरची नेमाची खूण) मे मध्ये तशीच बरोबर राहील असं धरू नका, त्या मोसमात परत लावून घ्या आणि काडतुसं सावलीत ठेवा.