डेटा सीडी : फाइलनावांचे व वाचनाचे दोष

सीडी राइटरवर बर्न केलेल्या (लिहिलेल्या) डेटा सीडीतील फाइलींची नावे तुटकी किंवा बदललेली दिसणे, तसेच सीडी अंशतः वा पूर्णपणे वाचता न येणे. पहिला दोष बहुधा फाइल सिस्टिमचा (सीडीवर फाइलींची नावे व जागा नोंदण्याच्या पद्धतीचा) असतो, दुसरा लेखनपद्धतीचा किंवा खुद्द सीडीचा. नाव बिघडले तरी फाइलीतला मजकूर सहसा शाबूत असतो. एवढ्यावरून सीडी टाकून देऊ नये.

डेटा सीडीच्या फाइल सिस्टिमचा उगम सामान्यतः १९८५ च्या सुमारास जमलेल्या, कंपन्यांच्या हाय सिएरा गटाच्या कामात मानतात. त्यावरून पुढे आयएसओ ९६६० (१९८८) हे आंतरराष्ट्रीय मानक आले. काही जण दोन्ही एकच समजतात. मात्र हाय सिएराच्या सीडीवर ‘सीडीरॉम’ आणि आयएसओच्या सीडीवर ‘सीडी००१’ अशी ओळखखूण असल्याने ती वेगळी धरणेच योग्य दिसते. आयएसओच्या पहिल्या पातळीवर नावाला आठ व एक्स्टेन्शनला तीन अक्षरांची मर्यादा आहे, आणि मोठी रोमन अक्षरे, अंक व अंडरस्कोर एवढीच चिन्हे चालतात. दुसऱ्या पातळीची मर्यादा कोठे ३०, तर कोठे ३१ अक्षरे दिलेली आढळते. नाव व एक्स्टेन्शन मिळून ३० आणि मधला टिंब धरून ३१, असा अर्थ घेतल्यास हा फरक उरत नाही. नावापुढे दिसणारे ‘;१’ हा आवृत्तिक्रमांक आहे, बिघाड नव्हे.

लांब नावांसाठी मायक्रोसॉफ्टने जोलिएट हा विस्तार आणला, तर युनिक्स प्रणालींसाठी रॉक रिज आला. जोलिएटची नावे १६-बिट युनिकोडमध्ये, ६४ एककांपर्यंत (एक एकक म्हणजे १६ बिटांची एक जागा) असतात. देवनागरीत काना, मात्रा व हलन्त यांचे एककही वेगळे मोजले जाते. ‘क्षत्रिय’ या नावाला आठ एकके लागतात. लांब देवनागरी नावे अनपेक्षितपणे तुटतात ती यामुळे. जोलिएटची फोल्डर-यादी आयएसओच्या यादीहून स्वतंत्र असते, पण दोन्ही एकाच मजकुराकडे बोट दाखवतात. जोलिएट न समजणारी प्रणाली आयएसओची आखूड नावे दाखवते. लिनक्सवर सीडी माउंट करताना (प्रणालीला जोडताना) ‘नोजोलिएट’ किंवा ‘नोरॉक’ हा पर्याय देऊन कोणती यादी वाचली जाते हे पडताळता येते.

फाइली मुळीच दिसत नसल्यास आधी सेशन (एकेका वेळी लिहिलेले भाग) तपासावेत. नवे सेशन लिहिताना जुने आयात केले नसेल (त्याची यादी नव्यात घेतली नसेल), तर जुन्या फाइली यादीतून गळतात, सीडीवर मात्र राहतात. पॅकेट पद्धतीने (लहान लहान तुकड्यांत) लिहिलेल्या सीडीला यूडीएफ ही वेगळी फाइल सिस्टिम समजणारी प्रणाली लागते.

एक ड्राइव्ह सीडी वाचत नसेल, तर दुसऱ्यावर लावून पाहावी. सीडी-आरडब्ल्यू (पुन्हा लिहिता येणारी सीडी) कारखान्यात छापलेल्या सीडीपेक्षा बराच कमी प्रकाश परावर्तित करते, म्हणून जुन्या ड्राइव्हना ती वाचणे जड जाते. लेबलच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक असतो, कारण तिथे परावर्तक थरावर केवळ पातळ लाखेचे आवरण असते.