पाणी मिसळले आणि प्रश्न सुरू झाला : सौंदर्यप्रसाधनांतील परिरक्षकांची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील जुनी सौंदर्यद्रव्ये आठवून पाहिली, तर त्यांत एक साम्य आढळते. पंढरपूरचे कुंकू आणि बुक्का, दिवाळीचे उटणे, न्हाणीघरातल्या डब्यातली शिकेकाई ही सारी द्रव्ये कोरडी असत. आजीच्या फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असे. कपाळाला आधी मेण लावायचे आणि त्यावर कोरडे कुंकू टेकवायचे. मेणात पाणी नाही, कुंकवातही नाही, त्यामुळे ती पेटी वर्षानुवर्षे उघडी-बंद झाली तरी आतले काही नासत नसे. उटण्यात दूध किंवा पाणी पडे ते अभ्यंगाच्या पहाटे, आणि कालवलेले उटणे उद्यासाठी कोणी ठेवत नसे. ‘पूर्वी कुठे होती रसायने?’ हा प्रश्न आज नेहमी विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर असे, की पूर्वी बरणीत पाणी नव्हते.

क्रीम आणि लोशन म्हणजे तेल व पाणी यांचे मिश्रण. पाणी आले की जिवाणू आणि बुरशी येतात, आणि त्यांना झाकण उघडून आत बुडणाऱ्या बोटांची व सोलापूरच्या उन्हाळ्याची साथ मिळते. ताज्या कोरफडीचा गर काढून बाटलीत भरून ठेवण्याचा प्रयोग आमच्याही घरी झाला होता. दोन दिवसांत गराला गुलाबी छटा आली, चौथ्या दिवशी वास येऊ लागला आणि बाटली फेकावी लागली. रंग बदलतो तो मुख्यतः हवेच्या संपर्कामुळे. वास मात्र आत सुरू झालेल्या जिवाणूंच्या संसाराचा होता. वास येतो तोवर ठीक, कारण माणूस सावध होतो. दूषित प्रसाधन प्रत्येक वेळी तशी सूचना देत नाही. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पाच रुग्णांच्या नमुन्यांत बर्खोल्डेरिया सेपॅशिया हा जिवाणू सापडला, आणि त्याचा माग रुग्णांच्या अंगाला लावल्या जाणाऱ्या मॉइश्चरायझरपर्यंत गेला.

कारखान्यात बनलेले क्रीम महिनोन्‌महिने टिकवण्याची गरज निर्माण झाल्यावर परिरक्षक, म्हणजे जिवाणू-बुरशी रोखणारी द्रव्ये (प्रिझर्व्हेटिव्ह) आली. त्यांतील पॅराबेन हे कुटुंब १९२० च्या दशकात जर्मनीत पुढे आले. औषधनिर्मितीतील जुनी मंडळी त्यांना आजही ‘निपाजिन’ या व्यापारी नावाने ओळखतात. पॅराबेन ज्या आम्लापासून बनतात ते पॅरा-हायड्रॉक्सिबेन्झोइक आम्ल अनेक वनस्पतींतही असते. स्वस्त, रंग-वास नसलेले, अत्यल्प प्रमाणात पुरणारे आणि त्वचेला क्वचितच खुपणारे असे हे संयुग औषधांत, खाद्यपदार्थांत आणि प्रसाधनांत रुळले आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षे कोणाच्या फारसे नजरेत आले नाही.

ते नजरेत आले दोन अभ्यासांमुळे. १९९८ साली ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवले, की पॅराबेन इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखी क्रिया करू शकतात. तपासलेल्यांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेले ब्यूटिल पॅराबेनही यीस्टवरील चाचणीत नैसर्गिक इस्ट्रोजेनपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी दुबळे होते. पण हा आकडा बातम्यांत आला नाही. पुढे २००४ साली ब्रिटिश संशोधक फिलिपा डार्ब्रे आणि सहकाऱ्यांना स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन आढळले. शेजारच्या निरोगी ऊतींत ते किती असतात, हे त्या अभ्यासात तपासलेले नव्हते, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असा दावा आपण केलेला नाही, असे खुद्द लेखकांनीच पुढे स्पष्ट केले. तोवर उशीर झाला होता. ‘पॅराबेनमुक्त’ हा शब्द बाटलीच्या दर्शनी बाजूवर चढला होता, आणि त्याच्या मागोमाग ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘केमिकल-फ्री’ हेही.

भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणणेही बरोबर नाही. युरोपीय संघाने २०१४ साली आयसोप्रोपिल, आयसोब्यूटिल, फिनाइल, बेन्झिल आणि पेन्टिल ही पाच पॅराबेन सौंदर्यप्रसाधनांतून बाद केली, कारण त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती उद्योगाने पुरवली नव्हती. प्रोपिल आणि ब्यूटिल पॅराबेनची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली, आणि तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवण्याच्या उत्पादनांत ती वापरण्यास मनाई केली. मिथाइल पॅराबेन मात्र ०.४ टक्क्यांपर्यंत चालू राहिले. म्हणजे पॅराबेनचे सरसकट एकच उत्तर नाही. प्रत्येकाचे वेगळे आहे.

या प्रकरणातला बोधप्रद भाग मात्र पॅराबेनच्या जागी जे आले त्यात आहे. त्यांतील एक परिरक्षक मिथाइलआयसोथायाझोलिनोन. युरोपात २००५ पासून ते प्रसाधनांत स्वतंत्रपणे वापरण्याची परवानगी मिळाली, आणि काही वर्षांतच क्रीम व ओल्या वाइप्समुळे ॲलर्जीचे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे रांगेने येऊ लागले. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञ संघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जेन’ (ॲलर्जी आणणारा घटक) ठरवले; युरोपने पुढे ते त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतून काढून टाकले. त्याच संघटनेने २०१९ साली पॅराबेनना ‘वर्षाचा अ-ॲलर्जेन’ म्हटले. ज्याच्यापासून लोक पळत होते, तेच त्वचेला सर्वांत कमी खुपणाऱ्या परिरक्षकांपैकी होते.

‘नैसर्गिक परिरक्षकां’चा इतिहासही तपासण्यासारखा आहे. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क जिवाणू मारतो म्हणून विकला जाई. १९९९ साली जर्मन संशोधकांनी बाजारातील सहा अर्क तपासले, तेव्हा जिवाणू मारणाऱ्या पाचही अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम परिरक्षक निघाले. ज्या एकात परिरक्षक नव्हते, तो अर्क जिवाणूंपुढे निष्प्रभ ठरला.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात आणि २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी छापावी लागते. एक टक्क्यापेक्षा अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने, आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने. परिरक्षक बहुधा एक टक्का किंवा त्याहून कमी असल्याने ते यादीच्या शेपटीत असतात. आयुर्वेदिक परवान्यावर विकल्या जाणाऱ्या क्रीमचे नियम वेगळे असले, तरी परिरक्षक तेथेही चालतात. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ असे शब्द आधाराविना वापरू नयेत असे त्यांत सांगितले.

सोलापूरच्या नवी पेठेतील एका दुकानात परवा कोरफड जेलची हिरवी डबी हातात घेतली. पुढे पानाचे चित्र आणि ‘पॅराबेनमुक्त’. मागे, भिंग लागावे इतक्या बारीक अक्षरांत, शेवटून तिसरा शब्द फिनॉक्सिइथेनॉल. युरोपात एक टक्क्यापर्यंत मान्य असलेले, चांगले काम करणारे, पूर्णपणे कृत्रिम परिरक्षक. दुकानदाराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “त्याशिवाय मे महिन्यात माल टिकेल का सर?”