मक्केतला वेढा, १९७९ : भांडण घरचं, नाव अमेरिकेचं

इस्लाम आणि पश्चिमेचं वाकडं कधीपासून, असा विषय निघाला की लोक एकतर थेट क्रुसेडपर्यंत मागे जातात नाहीतर ९/११ पासून सुरुवात करतात. मधलं १९७९ राहूनच जातं. त्यातही खोमेनी, इराणची क्रांती, तेहरानच्या दूतावासातले ओलीस एवढं ऐकून माहीत असतं, पण त्याच नोव्हेंबरात मक्केत काय झालं ते फार कमी जणांनी वाचलेलं असतं आणि मला विचाराल तर पुढचं बरंचसं कोडं तिथेच सुटतं.

२० नोव्हेंबर १९७९, हिजरी १४०० चा पहिला दिवस. काबाच्या मशिदीत पहाटेची नमाज नुकतीच आटोपलेली, हज करून मागे राहिलेले हजारो लोक आत, आणि अचानक गर्दीतून काही शे बंदूकधारी उठले, इमामाकडून माईक हिसकावला, दरवाजे बंद केले, मिनारांवर नेमबाज चढले. बंदुका आत गेल्या कशा? जनाज्यातून, असं सांगतात. मयताची नमाज तिथे रोजचीच, कफन उघडून कोण बघणार! माईकवरून जाहीर केलं की महदी, म्हणजे जगाच्या शेवटी येणारा तारणहार, अवतरलाय. म्होरक्या जुहैमान अल-उतैबी, आणि महदी कोण तर त्याचाच मेहुणा, मोहम्मद अल-कहतानी.

हा जुहैमान काही आभाळातून पडला नव्हता. १७४४ च्या सुमारास सौद घराणं आणि धर्मसुधारक मोहम्मद इब्न अब्द अल-वहाब यांचं जमलं, तलवार एकाची, धर्म दुसऱ्याचा. विसाव्या शतकात इब्न सौदने इखवान नावाच्या कट्टर टोळीवाल्यांच्या जोरावर राज्य उभं केलं, पण ते सीमेपलीकडे इंग्रजांच्या इराक-कुवेतवर धाडी घालायला लागले तेव्हा १९२९ ला सबिलाच्या लढाईत त्यांनाच चिरडलं. जुहैमान अशाच इखवान वस्तीतला, मोठा झाल्यावर अनेक वर्षं सरकारच्याच नॅशनल गार्डमध्ये नोकरीला. जुना राग घरातच मुरलेला.

दरम्यान १९३८ ला तेल लागलं, १९४५ ला रूझवेल्ट आणि इब्न सौद अमेरिकन युद्धनौकेवर भेटले आणि तेल-संरक्षण असा व्यवहार हळूहळू पक्का होत गेला. १९७३ नंतर तेलाचा भाव काही महिन्यांत साधारण चौपट झाला. पैसा धो धो आला, परदेशी कंपन्या, टीव्ही, गाड्या आल्या (आपल्या रत्नागिरीकडची पोरं आखाती देशांत जायला लागली ती याच लाटेत). जुहैमानचं म्हणणं, राजे भ्रष्ट आहेत, पाश्चात्त्यांचे मिंधे आहेत, अमेरिकेला तेल विकणं बंद करा, टीव्ही बंद करा. म्हणजे बंड सौदीचं, सौदीविरुद्ध.

वेढा दोन आठवडे चालला. हरममध्ये, म्हणजे त्या पवित्र मशिदीच्या आवारात, शस्त्र चालवायला आधी उलेमांचा (धर्मपंडितांचा) फतवा लागला, शेवटच्या टप्प्यात फ्रेंच कमांडो सल्ल्याला बोलवावे लागले, तळघरांत गॅस सोडावा लागला. महदी गोळीबारातच मेला, जुहैमान जिवंत सापडला आणि जानेवारी १९८० मध्ये त्याच्यासह ६३ जणांची वेगवेगळ्या शहरांत मुंडकी उडवली.

पण खरी गंमत बाहेर झाली. सौदीने सुरुवातीला बातमी दाबून धरली, मग अफवेला रान मोकळं. खोमेनींनी रेडिओवरून संशय अमेरिका आणि झायोनिस्टांवर (ज्यू राष्ट्रवाद्यांवर) ढकलला आणि वेढ्याच्या दुसऱ्याच दिवशी इस्लामाबादमध्ये जमावाने अमेरिकन दूतावास पेटवला, दोन अमेरिकन आणि दोन पाकिस्तानी कर्मचारी मेले. २ डिसेंबरला लिबियात त्रिपोलीचा दूतावास जळला. मशीद ताब्यात घेणारे कट्टर सुन्नी सौदी, आणि जाळलं कोणाला!

रियाधने यातून काय धडा घेतला? बंडखोर मारले आणि त्यांच्या बऱ्याच मागण्या गुपचूप मान्य केल्या. फतवा देणाऱ्या उलेमांना त्याचा मोबदला द्यावाच लागणार होता, शाळांचा अभ्यासक्रम त्यांच्या हातात आणखी गेला, धर्मपोलिसांना बळ आलं, टीव्हीवरच्या बायका दिसेनाशा झाल्या, परदेशात मशिदी-मदरशांना पैसा वाढला. त्याच डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि घरातल्या तापलेल्या पोरांना पाठवायला जागा मिळाली, तीही अमेरिकेच्या संगनमताने, कारण तिथे रशियनांशी लढणाऱ्या मुजाहिदीनला पैसा दोघांचा होता. त्यातलाच एक ओसामा, त्याच्याच घरच्या कंपनीकडे त्या मशिदीच्या विस्ताराचं काम होतं. १९९० ला सद्दामच्या भीतीने अमेरिकन सैन्य सौदीत उतरलं तेव्हा त्याने जी ओरड केली ती ऐकताना जुहैमान आठवतोच.

आता २०१८ ला सौदीत थिएटरं पुन्हा उघडली, आणि युवराज मोहम्मद बिन सलमान सांगतात की १९७९ च्या आधी आम्ही नॉर्मल होतो, सगळं नंतर बिघडलं. सोयीचं आहे हे. १९६० च्या दशकात मुलींच्या शाळांविरुद्ध सौदीतल्याच बुरैदा शहरात लोक रस्त्यावर उतरले होते, आणि १९६५ ला रियाधच्या टीव्ही केंद्राविरुद्धच्या आंदोलनात राजघराण्यातलाच एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला होता, ज्याच्या भावाने पुढे १९७५ मध्ये राजे फैसलना गोळ्या घातल्या.