गुंफण-साक्षी

दोन किंवा अधिक कणांच्या अवस्थेत क्वांटम गुंफण (एन्टँगलमेंट), म्हणजे प्रत्येक कणाची अवस्था स्वतंत्रपणे सांगता येऊ नये अशी जोडणी, आहे का, हे ती अवस्था पूर्ण न मोजता मोजक्या सहसंबंधांवरून ठरवणारी राशी. राशीची मांडणी अशी करतात की कोणत्याही विभाज्य, म्हणजे न गुंफलेल्या, अवस्थेत तिची सरासरी शून्याखाली जात नाही. सरासरी ऋण आली की गुंफण सिद्ध होते. धन आली तर काहीच सिद्ध होत नाही. साक्षी गप्प राहिला एवढाच त्याचा अर्थ, आणि प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना नेमके हेच विसरले जाते.

संपूर्ण अवस्था मोजणे (टोमोग्राफी) फार महाग पडते. दोन क्युबिटांसाठी (क्युबिट म्हणजे मोजल्यावर दोनच निकाल देणारी क्वांटम प्रणाली) १५ संख्या लागतात आणि त्या मिळवायला मापनयंत्रणा ९ प्रकारे लावावी लागते. प्रत्येक नव्या क्युबिटागणिक मांडण्यांची संख्या तिप्पट होते. इन्सब्रुक येथे २००५ मध्ये कॅल्शियमच्या ८ आयनांची गुंफलेली अवस्था अशी मोजली, तेव्हा ६,५६१ मांडण्या कराव्या लागल्या.

साक्षीला दोन मांडण्याही पुरतात. दोन्ही क्युबिटांची फिरकी (स्पिन) आधी क्ष दिशेने, मग झ दिशेने मोजावी. प्रत्येक निकाल अधिक किंवा उणे १ असतो. जोडीतील निकालांचा गुणाकार करून दोन्ही दिशांच्या सरासऱ्या काढाव्यात आणि त्यांची केवलमूल्ये मिळवावीत. विभाज्य अवस्थेत ही बेरीज १ च्या पुढे जात नाही, म्हणजे १ मधून ती वजा केल्यास उत्तर ऋण येत नाही. कारण एकट्या क्युबिटाची फिरकी एका दिशेला निश्चित असली की तिच्याशी काटकोनातल्या दिशेला ती अनिश्चितच असते, आणि अशा अवस्थांची कितीही सरमिसळ केली तरी मर्यादा वाढत नाही. एकल (सिंग्लेट) अवस्थेत, जिथे दोन फिरक्या कोणत्याही एका दिशेने मोजल्या तरी परस्परविरुद्धच येतात, मात्र बेरीज २ येते.

गुंफण प्रयोगात प्रथम कधी दिसली, याबद्दल एकमत नाही. काही लेखक १९७२ सालचा फ्रीडमन आणि क्लाउझर यांचा कॅल्शियम अणूंवरील प्रयोग पहिला मानतात, तर काही कोलंबिया विद्यापीठातील वू आणि शॅक्नॉव्ह यांना मान देतात. या दोघांचे काम १९४९ च्या अखेरचे, प्रसिद्धी जानेवारी १९५० ची. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांत नष्ट होताना विरुद्ध दिशांना निघणाऱ्या दोन गॅमा फोटॉनांचे ध्रुवण (कंपनाची दिशा) त्यांनी पाहिले. प्रत्येक फोटॉनाची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. एवढ्या ऊर्जेला चालणारा ध्रुवक नसल्याने कॉम्प्टन प्रकीर्णनाचाच (इलेक्ट्रॉनवर आदळून फोटॉनाची दिशा बदलण्याचा) ध्रुवकासारखा उपयोग केला गेला. प्रकीर्णनाची प्रतले परस्परांना लंब असताना आणि समांतर असताना मिळालेल्या जोड-नोंदींचे गुणोत्तर २.०४ ± ०.०८ भरले, त्या उपकरणासाठी सिद्धांताने २.०० सांगितले होते. आदर्श मांडणीत ते २.८५ पर्यंत जाऊ शकते. प्रयोगाचा हेतू मात्र क्वांटम विद्युतगतिकी (प्रकाश आणि विद्युतभारित कण यांचा क्वांटम सिद्धांत) तपासण्याचा होता, आणि मूळ लेखात गुंफणीची चर्चा नाही. ती १९५७ मध्ये बोम आणि अहारोनोव्ह यांनी केली: प्रत्येक फोटॉनाला स्वतःचे निश्चित ध्रुवण असते असे धरले, तर एवढे गुणोत्तर मिळत नाही.

यावर आक्षेप असा, की फक्त लंब आणि समांतर अशा दोनच स्थिती मोजल्या, शिवाय प्रकीर्णनाचे सूत्र क्वांटम सिद्धांतातूनच उसने घेतले. बेल-असमता (१९६४) ही स्थानिक, आधीच ठरलेल्या गुणधर्मांनी समजावता येणाऱ्या सहसंबंधांची मर्यादा. तिच्या कसोटीला हा आक्षेप लागू पडतो, कारण तिथे क्वांटम सिद्धांत गृहीत धरता येत नाही. साक्षीच्या कसोटीला तो तितका लागत नाही. साक्षी ते गृहीत उघडच धरतो. त्यामुळे १९५० चे मापन आणि १९५७ चे विश्लेषण मिळून गुंफणीची पहिली साक्ष झाली, तर १९७२ चा प्रयोग बेल-असमतेचा पहिला भंग, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या दोन कसोट्या वेगळ्या आहेत हे १९८९ मध्ये वेर्नर यांनी स्पष्ट केले. एकल अवस्थेत निव्वळ गोंगाट मिसळला, तर एकल अवस्थेचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त असेपर्यंत गुंफण टिकते. पण बेल-असमतेच्या क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी दिलेल्या रूपाचा (१९६९) भंग व्हायला हा वाटा सुमारे ०.७०७ च्या वर लागतो. मधल्या पट्ट्यातली गुंफण साक्षीला सापडते, या असमतेला नाही. वर सांगितलेली दोन दिशांची कसोटीही अर्ध्याच्या खाली गप्प होते. तिसरी दिशा जोडली की थेट एक तृतीयांशापर्यंत पोचता येते.

साक्षीचा गणिती पाया होरोडेकी पितापुत्रांच्या १९९६ च्या लेखात आहे. नाव बार्बरा टेरहाल यांच्या २००० च्या लेखातून रूढ झाले. प्रत्येक गुंफित अवस्थेला कोणता ना कोणता साक्षी असतोच, पण योग्य साक्षी निवडायला अवस्थेचा आधी अंदाज हवा. साक्षी स्थानिक मापनांत कसा विभागावा हे ग्यूने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, आणि पुढच्याच वर्षी ध्रुवित फोटॉनांवर प्रयोग झाला. प्रकाशाच्या सलग राशींसाठीचा (ज्यांची मूल्ये सुटी नसून अखंड बदलतात) गुंफणीचा निकष २००० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दिला. त्यांतले एक चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचे आर. सायमन. घन पदार्थांत चुंबकीय ग्राह्यताही (चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते) साक्षी ठरू शकते.

अलीकडचे ठळक उदाहरण सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतील अ‍ॅटलस प्रयोगाचे (निष्कर्ष २०२३, प्रसिद्धी २०२४). टॉप क्वार्क या जड मूलकणाच्या जोडीतून निघालेल्या दोन विद्युतभारित लेप्टॉनांमधील (इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन) कोनाच्या कोसाइनची सरासरी काढून तिला उणे ३ ने गुणले. उत्तर उणे एक तृतीयांशाखाली गेले की गुंफण. ते उणे ०.५३७ आले. टॉप क्वार्कचा क्षय कसा होतो हे इथे प्रमाणित प्रतिकृती या मूलकणांच्या स्वीकृत सिद्धांतावरून गृहीत धरले आहे, म्हणून वू-शॅक्नॉव्ह प्रयोगाप्रमाणेच हीदेखील गुंफणीची साक्ष आहे, बेल-परीक्षण नव्हे.