मल्टिपल स्क्लेरोसिसमधील नैराश्य आणि व्यायाम

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूतील आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की संदेश मंदावतात, अडखळतात किंवा पोचतच नाहीत. धूसर दिसणे, पायांत मुंग्या, तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि झोपूनही न जाणारा थकवा ही त्याची ओळखीची लक्षणे. नैराश्य हेही याच यादीतले. पण ते डोळ्यांना दिसत नाही आणि एमआरआयमध्ये बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून तपासणीत बहुधा मागे राहते. एमएस असलेल्या सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा उपचार लागावेत इतके नैराश्य येते. ते हलके करण्यासाठी औषधे आणि समुपदेशन यांच्या जोडीने बेताचा, नियमित व्यायाम सांगितला जातो.

‘एवढे मोठे दुखणे मागे लागल्यावर मन खचणारच’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे आहे. पुढे काय होणार याची धास्ती, सुटलेली नोकरी, कमी झालेले जाणे-येणे यांनी मन खचते हे खरेच. पण मेंदूतील दाह आणि भावनांशी संबंधित भागांतले व्रण यांचाही त्यात वाटा असतो. म्हणजे हे नैराश्य काही अंशी आजाराचाच भाग आहे. अशा माणसाला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ असे सांगणे म्हणजे ताप आलेल्याला अंग गरम ठेवू नकोस म्हणण्यासारखे आहे.

आज व्यायाम सुचवला जातो, पण अनेक दशके डॉक्टर नेमके उलटे सांगत होते. 1890 मध्ये विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्यांनी एमएसच्या 100 रुग्णांपैकी चौघांत श्रमांनंतर दृष्टी मंदावत असल्याची नोंद केली. पुढे कळले की खरे कारण श्रम नसून त्यांनी वाढणारे शरीराचे तापमान आहे. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पार होत असतो. तापमान अर्धा अंश वाढले तरी तो अडू शकतो. एमएसचे निदान करण्यासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का ते पाहण्याची पद्धतही एके काळी होती. अंग निवले की दृष्टी पूर्ववत होते आणि त्यात तंतूंची नवी हानी होत नाही. तरीही भीती रुजली आणि ‘दगदग नको, पडून राहा’ हाच सल्ला रूढ झाला. त्याची किंमत रुग्णांनी मोजली: न वापरलेले स्नायू गेले, दम कमी झाला, घराबाहेर पडणे थांबले. थकव्याने हालचाल घटते, हालचाल घटल्याने मन उतरते आणि उतरलेल्या मनाला थकवा आणखी जड वाटतो.

हा समज मोडण्यात 1996 मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात झालेल्या अभ्यासाचा मोठा हात आहे. जॅक पेटाजन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या एका गटाला 15 आठवडे, आठवड्यातून तीनदा, हात आणि पाय दोन्हींनी चालवायच्या सायकलयंत्रावर 40 मिनिटांची सत्रे दिली. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली आणि काही आठवड्यांत खिन्नतेचे व रागाचे गुणांकही उतरले. आजार बळावला नाही.

त्यानंतरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर व्यायामाने नैराश्याची लक्षणे कमी होतात, पण परिणाम लहान ते मध्यम असतो. या पुराव्यात एक उणीव आहे आणि ती सांगायलाच हवी. बहुतेक चाचण्या चालणे किंवा ताकद मोजण्यासाठी आखल्या होत्या; मनःस्थितीचा तक्ता जोडीला भरून घेतला गेला. सहभागी झालेल्यांपैकी पुष्कळांना मुळात नैराश्य नव्हतेच. सिअ‍ॅटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. त्यात नैराश्याचे निदान झालेल्या 92 जणांपैकी एका गटाशी फोनवर बोलून, त्यांना झेपेल अशी हालचाल त्यांनाच निवडू दिली गेली. त्या गटात नैराश्याची तीव्रता अधिक उतरली. जिममध्ये जाण्याची गरज पडली नाही.

योगाच्या बाबतीत पुण्याचा धागा आहे. 2004 मध्ये ओरेगनमधील संशोधकांनी 69 रुग्णांवर सहा महिने जो अभ्यास केला, त्यातली आसने बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची होती. खुर्ची, भिंत, पट्टा यांचा आधार घेऊन आसन करण्याची ही पद्धत तोल जाणाऱ्या माणसाला सोयीची पडते. तिचे मुख्य केंद्र 1975 पासून पुण्यात आहे. अभ्यासात योग आणि सायकल दोन्हींनी थकवा कमी झाला. मनःस्थितीत मात्र ठळक फरक आढळला नाही. योगाने नैराश्य जातेच असे छातीठोक सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्यांसाठी कॅनडातील 2013 च्या मार्गदर्शक सूचना आठवड्यातून दोनदा 30 मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सुचवतात. ज्याला अंथरुणातून उठणेच डोंगराएवढे वाटते, त्याच्यासाठी हा आकडा फार पुढचा आहे. त्याची सुरुवात भिंतीला टेकवलेल्या खुर्चीपासून होते: पंखा चालू, हाताशी गार पाणी, पाय जमिनीवर घट्ट, टेबलाला हात लावून उभे राहायचे आणि सावकाश बसायचे. असे पाच वेळा केले, मांड्या थरथरल्या, तर थांबायचे. मुंबईच्या मे महिन्यात हे सकाळी लवकर किंवा गार पाण्याने अंघोळ करून केलेले बरे. दुसऱ्या दिवशी उठवेना इतके केले असेल तर ते जास्त झाले. आजार नव्याने उसळला असेल तर थांबून डॉक्टरांना विचारावे. तोल किंवा स्नायूंचा ताठरपणा यांची अडचण असेल तर मज्जासंस्थेच्या विकारांचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्ट गाठावा.

निदानातही घोळ होतो. थकवा, झोप बिघडणे, लक्ष न लागणे ही एमएसची लक्षणे तशीच नैराश्याचीही. म्हणून आधी ज्यात आनंद वाटायचा त्यातला रस गेला आहे का, स्वतःला दोष देणे वाढले आहे का, हे विचारणे अधिक उपयोगी. कारण नसताना अचानक रडू किंवा हसू फुटणे हा मात्र वेगळा मज्जाविकार आहे. त्याचे उपचारही वेगळे असतात.

भारतात 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एमएसला दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्थान दिले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे. नैराश्य तीव्र असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर व्यायामाच्या भरवशावर थांबू नये. त्या अवस्थेत व्यायाम न जमणे हा आळस नव्हे, आणि घरच्यांनी तसे म्हणू नये. मनोविकारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.